जंगलातल्या तळ्याकाठी कॅम्पग्राउंड निवडताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जंगल, त्यात विखुरलेली तळी आणि मधूनच एखादी वस्ती, अशा भागात तंबू घेऊन जाणाऱ्यांचे पुन्हापुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. साध्या शंका आधी आहेत, अडचणीच्या नंतर. एका उत्तराचा भाग दुसरीकडे आला असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. पहिल्यांदाच जातोय. एवढ्या कॅम्पग्राउंडमधून निवडायला सुरुवात कुठून करू?

तिथे पोहोचायचं कसं, इथून करा. ढोबळमानाने तीन प्रकार असतात. पहिल्यात गाडी तंबूच्या शेजारी लागते. नळ, शौचालय, कधी वीजही असते. दुसऱ्यात गाडी लांब ठेवून सामान पाठीवर घेऊन चालावं लागतं. तिसऱ्यात जागेपर्यंत फक्त होडीने जाता येतं. पहिली खेप असेल तर पहिला प्रकार घ्या. पाऊस कोसळला, कुणाला बरं वाटेनासं झालं किंवा तंबू गळायला लागला, तर गाडीत बसून निघता येतं. निसर्गाच्या जितकं जवळ तितकं चांगलं, हे खरं असलं तरी पहिल्या रात्री त्याची परीक्षा पाहू नये.

प्रकार ठरला की मग तळं, सावली, सोयी आणि शेजार या गोष्टींकडे वळा. बहुतेकजण नेमकं उलटं करतात: आधी तळ्याच्या फोटोवर भाळतात आणि गाडी कुठपर्यंत जाते ते तिथे पोहोचल्यावर विचारतात.

२. अगदी पाण्यालगतची जागा मिळतेय, थोडे पैसे जास्त आहेत. घ्यावी ना?

आमचं उत्तर बहुतेक वेळा ‘नको’ असं असतं. लोकांना हे पटत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

रात्री थंड हवा जड होऊन उतारावरून खाली येते आणि सर्वांत सखल जागी साचते. छोट्या तळ्याभोवती ही सखल जागा म्हणजे काठच. काठापासून जेमतेम काही मीटर उंचावर तंबू असला तरी रात्रीच्या गारठ्यात जाणवण्याइतका फरक पडतो. शिवाय पाण्याजवळच्या दमट हवेमुळे दव भरपूर पडतं आणि सकाळी तंबू आतूनही ओला निघतो. मोठ्या तळ्याची गोष्ट थोडी वेगळी आहे. दिवसभर तापलेलं पाणी रात्री सावकाश निवतं, त्यामुळे काठ तुलनेने उबदार राहू शकतो. पण उघड्या पाण्यावरून येणारा वारा अडवायला तिथे काही नसतं आणि तंबू रात्रभर फडफडत राहतो.

वाऱ्याखेरीज वर्दळही असते. काठ सगळ्यांचा असतो. मासे धरणारे पहाटे, मुलं दिवसभर आणि गप्पा मारत फिरणारे रात्री उशिरा तुमच्या दाराशीच येतात. पाणी प्यायला येणारी जनावरंही तीच वाट धरतात. म्हणूनच मोकळ्या जंगलात मुक्काम करणाऱ्यांसाठी पाण्यापासून सुमारे ६० मीटर दूर राहण्याचा संकेत रूढ आहे. त्यात काठावरचा झाडोरा आणि माती तुडवली जाऊ नये हाही हेतू आहे.

दुसऱ्या ओळीतली, थोडी उंचावरची आणि झाडांच्या फटीतून पाणी दिसेल अशी जागा घ्या. खुर्ची उचलून काठावर न्यायला दोन मिनिटं लागतात. तंबू रात्री दोन वाजता हलवता येत नाही.

३. सगळ्याच फोटोंत जागा सुंदर दिसते. खरी कशी आहे ते घरबसल्या कसं कळणार?

उपग्रहावरून घेतलेलं चित्र पाहा. मोठा रस्ता किंवा रेल्वेमार्ग किती जवळ आहे, दोन जागांमध्ये झाडं आहेत की नुसतं मैदान, तळ्याचा काठ स्वच्छ आहे की लव्हाळ्यांनी भरलेला, हे सगळं त्यात दिसतं. समोच्च रेषांचा नकाशा मिळाला तर फारच उत्तम. रेषा जिथे एकमेकींपासून अगदी लांब आहेत, म्हणजे जमीन जवळपास सपाट आहे, आणि शेजारी दलदलीची खूण आहे, ती जागा पावसात चिखलाची होणार.

अभिप्राय वाचताना तारांकडे कमी आणि महिन्याकडे जास्त लक्ष द्या. तुम्ही ज्या महिन्यात जाणार त्याच महिन्यातले अभिप्राय उपयोगाचे. उन्हाळ्याच्या सुरुवातीचं आणि शेवटचं तळं ही दोन वेगळी ठिकाणं वाटावीत इतका फरक असतो. आणि कॅम्पग्राउंडने स्वतः टाकलेल्या पन्नास फोटोंत शौचालयाचा एकही नसेल, तर त्याचाही अर्थ काढायला हरकत नाही.

४. बुकिंगच्या आधी फोन करून नेमकं काय विचारू?

‘जागा चांगली आहे ना?’ असं विचारलं तर ‘हो’ एवढंच उत्तर मिळेल. ज्याचं उत्तर आकड्यात किंवा नावात द्यावं लागेल असं विचारा. पिण्याचं पाणी कुठून येतं? माझ्या जागेपासून नळ आणि शौचालय किती पावलांवर? शेजारच्या तंबूचं अंतर किती? तळ्यावर मोटरबोट चालते का? जनरेटर किती वाजता बंद होतो? रात्री कुणी माणूस आवारात असतो का, आणि मोबाइलला रेंज नसेल तर त्याच्यापर्यंत कसं पोहोचायचं? जवळचा दवाखाना किती अंतरावर?

शेवटी एक प्रश्न हटकून विचारा: ‘जोराचा पाऊस झाला की कुठल्या जागांवर पाणी येतं?’ रोज आवारात फिरणाऱ्या माणसाला हे पाठ असतं आणि तो जागांचे क्रमांक सांगून टाकतो. ‘कुठेच येत नाही’ असं झटकन उत्तर आलं, तर फोनवर बोलणाऱ्याने आवार पावसात पाहिलेलं नसावं.

५. तंबू झाडाखाली लावावा की मोकळ्यावर?

झाडांच्या आडोशाला, पण झाडाखाली नाही. जागेवर उभं राहून आधी वर पाहा. वाळलेली, अर्धवट तुटून दुसऱ्या फांदीवर अडकलेली फांदी दिसली तर ती जागा सोडा; अशी फांदी पडायला वादळच यावं लागतं असं नाही. मग खोडाकडे पाहा. साल सुटलेली, बुंध्याला अळंब्या आलेल्या, एका बाजूची माती उचललेली किंवा ऐन हंगामात पानं नसलेली झाडं टाळा. असं झाड पडलं तर कुठवर पोहोचेल याचा अंदाज घ्या आणि त्याच्या उंचीहून जास्त अंतर ठेवा.

तळ्यांच्या भागात माती पुष्कळदा पातळ असते. खाली लगेच खडक किंवा पाणी लागतं, त्यामुळे मुळं खोल न जाता आडवी पसरतात आणि धडधाकट झाडंही उन्मळतात. अमेरिकेत मिनेसोटाच्या उत्तरेला बाउंडरी वॉटर्स नावाचा तळ्यांचा राखीव प्रदेश आहे. तिथे ४ जुलै १९९९ रोजी आलेल्या वादळी वाऱ्याने लाखो झाडं आडवी झाली आणि तंबूंतली कितीतरी माणसं जखमी झाली.

उरला प्रश्न सावलीचा. थंडीत पूर्वेकडून उघडी जागा घ्या, म्हणजे सकाळचं ऊन लवकर येऊन दव वाळतं. कडक उन्हाळ्यात पश्चिमेला दाट झाडी हवी, नाहीतर दुपारनंतर तंबूत बसवत नाही.

६. जमीन कशी असावी?

किंचित उताराची, डोकं वरच्या बाजूला करून झोपायचं. अगदी सपाट दिसणारी, गवत नसलेली आणि मधोमध घोटून गुळगुळीत झालेली जागा आकर्षक वाटते, पण हजारो तंबूंच्या वजनाने दबून ती खोलगट झालेली असते आणि पाणी तिथेच साचतं. कोरड्या पानांचे आणि काटक्यांचे पट्टे एका रेषेत साचलेले दिसले तर ती पाण्याची वाट समजा. वाळूत नेहमीच्या मेखा टिकत नाहीत. रुंद मेखा न्या किंवा दोऱ्या दगडांना बांधा.

७. डास कमी असलेली जागा कशी ओळखायची?

डास वाढतात ते उथळ, संथ, गवताळ पाण्यात. लाटा येणाऱ्या मोकळ्या काठावर ते कमी असतात. त्यामुळे नकाशात लव्हाळ्यांनी भरलेली, आत वळलेली खाडीसारखी बाजू टाळा आणि तळ्यात पुढे आलेल्या टोकाजवळची जागा पाहा. तिथे वारा खेळता असतो आणि डासांना वाऱ्यात नीट उडता येत नाही. म्हणजे प्रश्न २ मधला नकोसा वारा इथे कामाला येतो. डासांच्या ऐन मोसमात जाणार असाल तर आम्हीही थोडी उघडी जागाच घेऊ. बाकी वेळी आडोसा बरा.

ओढ्याकाठी गेल्यास हा हिशोब उलटतो. चावणाऱ्या काळ्या माश्यांच्या अळ्या वाहत्या पाण्यात वाढतात, म्हणून तळ्यातून ओढा निघतो ती बाजू वसंतात तापदायक ठरते. उत्तरेकडच्या थंड देशांत डासांचा जोर उन्हाळ्याच्या सुरुवातीला असतो आणि शेवटाकडे ओसरतो. तारखा तुमच्या हातात असतील तर उशिराच्या घ्या.

८. गोचिड्यांची भीती वाटते. त्या कुठे असतात?

उंच गवत आणि झुडपांच्या कडेला. दोन्ही बाजूंनी गवत अंगाला लागेल अशी पायवाट असलेली जागा नको. युरोप आणि उत्तर अमेरिकेतल्या जंगलांत गोचिडीतून लाइम रोग होतो. मात्र जंतू अंगात जायला ती बहुधा एका दिवसाहून जास्त काळ चिकटून असावी लागते, म्हणून रोज संध्याकाळी काखा, जांघा, गुडघ्यामागचा भाग आणि केसांची मुळं तपासा. सापडली तर बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढा. तेल, तूप, जळती काडी यातलं काही लावू नका. पुढच्या काही आठवड्यांत ताप आला किंवा चट्टा पसरत गेला तर डॉक्टरांना गोचिडीचं आवर्जून सांगा.

९. तळ्याचं पाणी काचेसारखं स्वच्छ आहे. प्यायलं तर चालेल?

तसंच नाही. स्वच्छ पाण्यातही जनावरांच्या विष्ठेतून आलेले जिआर्डियासारखे परजीवी असू शकतात. खळखळून एक मिनिट उकळा. समुद्रसपाटीपासून २,००० मीटरच्या वर असाल तर तीन मिनिटं. हातात धरायच्या साध्या गाळण्या जिवाणू आणि परजीवी अडवतात, विषाणू मात्र बहुतेकींतून निसटतात. क्लोरीनच्या गोळ्यांना क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी दाद देत नाही. नळाचं पाणी असलेलं ठिकाण निवडलं की ही सगळी कटकट वाचते.

१०. पाण्यावर हिरवा तवंग दिसला. उकळून घेतलं किंवा फक्त पोहलो तर?

दोन्ही नको. हिरवा रंग सांडल्यासारखा किंवा वाटाण्याच्या सारासारखा तवंग हा बहुधा नील-हरित जिवाणूंचा असतो. त्यातल्या काही जातींचं विष उकळून जात नाही, उलट पाणी आटल्यावर दाट होतं. तवंग वाऱ्याने एका काठाला साचतो, त्यामुळे समोरचा काठ स्वच्छ दिसला म्हणून तळं बरं आहे असं धरू नका. ऊन, उकाडा, वारा पडलेला आणि भोवती खतं टाकलेली शेती असेल तर शक्यता वाढते. शेतीने वेढलेलं उथळ तळं आणि जंगलातलं खोल तळं यांत निवड करायची असेल तर उन्हाळ्याच्या अखेरीस दुसरं घ्या.

११. पोहण्यासाठीच चाललोय. त्या दृष्टीने काय पाहू?

काठापासून खोली हळूहळू वाढते की अचानक, हे विचारा. वरचं पाणी कोमट लागतं, पण काही मीटर खाली ते एकदम गार होतं. सूर मारणाऱ्याला हा बदल अचानक जाणवतो. साधारण १५ अंश सेल्सिअसहून गार पाण्यात पडल्यावर श्वास आपोआप जोरात आत ओढला जातो, आणि त्या क्षणी तोंड पाण्याखाली असेल तर पट्टीचा पोहणाराही बुडू शकतो. म्हणून होडीत बसताना लाइफ जॅकेट अंगात हवं. नुसतं होडीत ठेवून उपयोग नाही. पोहायला दोरीने आखलेला भाग आणि जीवरक्षक असलेली कॅम्पग्राउंड कमी असतात. मुलं बरोबर असतील तर तशीच शोधा. तवंगाबद्दल प्रश्न १० पाहा.

१२. धरणाचं तळं आणि नैसर्गिक तळं यात जागा निवडताना फरक पडतो का?

बराच पडतो. नैसर्गिक तळ्याची पातळी हळूहळू बदलते. धरणाच्या जलाशयाची पातळी सिंचन, वीज आणि पूर यांच्या हिशोबाने माणसं ठरवतात. फोटोत तंबूशेजारी दिसणारं पाणी तुम्ही जाल तेव्हा अर्धा किलोमीटर मागे हटलेलं असू शकतं, आणि मधे चिखल. काठाला झाडंझुडपं नसलेला उघडा पट्टा दिसला तर पाणी तिथवर चढतं असं समजा आणि तंबू त्या पट्ट्याच्या वर लावा. पाण्याखाली बुडालेल्या झाडांचे बुंधे असतात, म्हणून सूर मारू नका.

धरणाच्या खालच्या अंगाला नदीपात्रात किंवा पात्रातल्या बेटावर तंबू कधीही लावू नये. तुमच्या डोक्यावर आभाळ निरभ्र असतानाही वरून पाणी सोडलं जाऊ शकतं. भोंगा वाजला की सामान न आवरता वर चढायचं.

१३. शेकोटीशिवाय मजा नाही. लाकूड घरून नेलं तर चालतं का?

नेऊ नका. लाकडाच्या सालीखाली किडी आणि त्यांच्या अळ्या असतात. मूळचा आशियातला, ॲश नावाची झाडं पोखरणारा हिरवा भुंगेरा २००२ साली अमेरिकेत डेट्रॉइटजवळ सापडला. पुढे तो दूरदूर पसरला त्यात जळणाच्या लाकडाचा मोठा हात होता, आणि कोट्यवधी झाडं मेली. म्हणून पुष्कळ ठिकाणी बाहेरचं लाकूड आणायला बंदी असते. जिथे जाळायचं तिथलंच लाकूड घ्या. पण आसपास वेचायला परवानगी आहे की आवारातूनच विकत घ्यावं लागतं, हे आधी विचारा. काही ठिकाणी खाली पडलेली काटकीही उचलू देत नाहीत.

शेकोटी ठरलेल्या कुंडातच करा. तळ्यांच्या भागातली जमीन कुजलेल्या पानांच्या जाड थराची असते आणि तो थर स्वतःच जळतो. वरून विझलेली आग आतून धुमसत राहून काही दिवसांनी भलतीकडे डोकं काढते. पाणी ओता, ढवळा, पुन्हा ओता. हाताची मागची बाजू जवळ नेल्यावर ऊब लागत असेल तर ती विझलेली नाही. कोरड्या दिवसांत शेकोटीबंदी अचानक लागते, म्हणून स्वयंपाकाची दुसरी सोय ठेवा.

१४. थंडी वाजली तर निखारे तंबूत ठेवता येतील?

नाही. धुमसणाऱ्या कोळशातूनही कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नसतो आणि झोपलेला माणूस जागाही होत नाही. गॅसची शेगडीही आत पेटवू नका. तंबूचं दार थोडं उघडं ठेवल्याने हा धोका टळत नाही. अंगाखालची चटई जाड घ्या, कारण अंगातली ऊब सर्वांत जास्त जमिनीत जाते.

१५. अस्वलं किंवा इतर प्राणी असलेल्या भागात काय बघावं?

खाण्याचे पदार्थ ठेवायला लोखंडी पेट्या आहेत का ते विचारा. अस्वलांना गाडीची काच फोडता येते आणि ती वासावर येतात, म्हणून टूथपेस्ट, साबण आणि कचराही त्या पेटीत जातो. पेटी नसेल तर स्वयंपाक आणि साठवण तंबूपासून सुमारे १०० मीटरवर, वाऱ्याच्या खालच्या अंगाला. आधीच्या मुक्कामाचं उष्टं-खरकटं पडलेली जागा घेऊ नका, कारण तिचा पत्ता प्राण्यांना माहीत झालेला असतो. ज्या भागात अस्वल नाही तिथे माकडं आणि उंदीर हेच काम करतात, फक्त आवाज कमी होतो.

१६. कॅम्पग्राउंड भरलंय. जंगलात कुठेही तंबू लावला तर?

देशागणिक उत्तर बदलतं. स्वीडन आणि फिनलंडमध्ये खासगी जमिनीवरही, घरांपासून पुरेसं अंतर ठेवून, रात्र-दोन रात्री तंबू लावण्याचा हक्क सर्वांना आहे. पण फिनलंडमध्ये त्या हक्कात शेकोटी बसत नाही. तिला जमीनमालकाची परवानगी लागते. राखीव क्षेत्रांचे नियम तिथेही वेगळे असतात. बाउंडरी वॉटर्समध्ये १ मे ते ३० सप्टेंबर रात्रीच्या मुक्कामाचे परवाने ठराविकच निघतात, एका गटात जास्तीत जास्त ९ माणसं आणि ४ होड्या चालतात, आणि काचेच्या बाटल्या व पत्र्याचे डबे नेता येत नाहीत. असा हक्क जिथे कायद्याने किंवा रूढीने दिलेला नाही, तिथे मालकाला किंवा वनखात्याला विचारल्याशिवाय लावू नका. ‘कुणी पाहत नाही’ ही परवानगी नव्हे.

शौचालय नसलेल्या जागी पाण्यापासून आणि वाटेपासून ६० मीटर लांब, १५ ते २० सेंटिमीटर खोल खड्डा करा आणि नंतर बुजवा.

१७. शांतता हवी म्हणून लांबच्या काठावरची जागा घेतली, तरी समोरची गाणी ऐकू आली. असं कसं?

पाण्याचा सपाट पृष्ठभाग आवाज शोषत नाही. शिवाय संध्याकाळनंतर पाण्यालगतची हवा गार आणि वरची उबदार असेल तर आवाज वर निघून जाण्याऐवजी खाली वळतो आणि पलीकडच्या काठाला नीट पोहोचतो. त्यामुळे तळ्यावर अंतरापेक्षा आडोसा महत्त्वाचा. मधे टेकडी किंवा बेट असलेला काठ किंवा तळ्यापासून आत झाडीत शिरलेली जागा शांत असते. सगळ्यांत हमखास उपाय म्हणजे मोटरबोटीला बंदी असलेलं छोटं तळं आणि सुट्ट्या सोडून मधले वार. आणि हो, तुमच्या गप्पाही तिकडे जातात.

१८. एकटीने जाणार आहे. गर्दीची जागा घेऊ की निवांत?

व्यवस्थापकाच्या खोलीजवळची किंवा कुटुंबांच्या रांगेतली घ्या. गाडी बाहेरच्या दिशेने तोंड करून लावा. कुठे आणि कधीपर्यंत आहात हे घरच्या कुणाला तरी लिहून ठेवा. रस्त्यावरून थेट दिसणारी, पण आवारातल्या कुणालाही न दिसणारी जागा सर्वांत वाईट.

१९. आजी-आजोबा आणि तान्हं बाळ बरोबर आहे. तंबूच घ्यावा का?

घ्यायलाच हवा असं नाही. बऱ्याच आवारांत लाकडी खोल्या असतात. ज्येष्ठांना खोली आणि शेजारी बाकीच्यांचा तंबू ही जोडी छान जमते. रात्री शौचालयाची वाट सपाट आणि उजेडाची आहे का, एवढं मात्र खात्रीने विचारा.

२०. कुत्र्याला नेता येईल?

परवानगी असेल तर. दोरी सतत लागते. तवंग असलेल्या पाण्याजवळ मुळीच सोडू नका. कुत्री ते पाणी पितात, अंगावरचं चाटतात आणि काही तासांत दगावू शकतात (प्रश्न १०). गोचिड्या त्याच्याही तपासा.

२१. विजांसह पावसाचा अंदाज आहे. रद्द करावं का?

पत्र्याच्या छपराची गाडी किंवा पक्की इमारत काही मिनिटांवर असेल तर जाता येईल. नसेल, विशेषतः होडीने जायची जागा असेल, तर रद्द करा. तंबू विजेपासून वाचवत नाही, त्याचे खांब कशाचेही असोत. चमक आणि गडगडाट यांत ३० सेकंदांहून कमी अंतर असेल तर वीज साधारण १० किलोमीटरच्या आत आहे. पाण्यातून बाहेर या आणि गाडीत बसा. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं बाहेर पडू नका. पैसे परत मिळण्याची मुदत बुकिंग करतानाच वाचून ठेवा, म्हणजे तो निर्णय पैशांकडे बघून घ्यावा लागत नाही.

२२. पोहोचलो आणि दिलेली जागा वाईट निघाली. आता?

तंबू उलगडण्याआधी बोला. एकदा तो उभा राहिला की बदलून मागणं अवघड होतं आणि तुम्हालाही कंटाळा येतो. त्यामुळे उजेड असताना, शक्यतो दुपारीच पोहोचा. आधी दहा मिनिटं जागेवर नुसतं फिरा: वरच्या फांद्या, पाण्याच्या वाटा, वारा, वास. मग व्यवस्थापकाकडे ‘आवडली नाही’ असं न म्हणता कारण सांगा: ‘वर वाळलेली फांदी अडकली आहे’ किंवा ‘ही जागा पाण्याच्या वाटेत येते’. अशा कारणावर जागा सहसा बदलून मिळते. रिकामी जागाच नसेल तर दिलेल्या हद्दीतच तंबू चार-पाच मीटर सरकवता येतो का ते विचारा. तेही नाही आणि कारण फांदीचं किंवा पाण्याचं असेल, तर ती रात्र गाडीत काढा आणि सकाळी दुसरीकडे निघा.